फ्लेक्सवरचे डोळे

कोथिंबिरीची जुडी पिशवीत कोंबून बसम्मा शुक्रवार पेठेच्या कोपऱ्यावर वळली आणि समोरून दानूने तिच्याकडे रोखून पाहिले. दानू म्हणजे तिची नात, दानेश्वरी. ती आत्ता घरी, मागच्या खोलीत पंख्याखाली पालथी पडून कागदावरच्या चौकटी भरत असणार हे बसम्माला ठाऊक होते. तरी दानू समोर होती. विजेच्या खांबाला बांधलेल्या बांबूच्या सांगाड्यात, माणसापेक्षा मोठी, गुलाबी ड्रेस घातलेली, आणि बघत होती. बसम्माचा पाय जागीच खिळला. मागून रिक्षाने हॉर्न दिला. "ओ मावशी, रस्त्याच्या मदी दर्शन घ्यायलाव व्हय? बाजूला सरका की!" ती सरकली, पण नजर निघेना. 'जागतिक ऑटिझम जागृती दिन,' फ्लेक्सवर लिहिले होते, 'न्यूरोडायव्हर्सिटीचा उत्सव. सोलापूरची शान कु. दानेश्वरी हिचा भव्य सत्कार.' खाली युवराजदादा आणि मित्रमंडळ, सगळे कमरेपर्यंतच, हात जोडून. याच सांगाड्यात परवापर्यंत गिरणीवाला शरणप्पा होता, भावपूर्ण श्रद्धांजलीचा. सुतळीसुद्धा बदललेली नव्हती. एका गाठीत त्याच्या हारातला सुकलेला झेंडू अडकून राहिला होता. पण बसम्मा थबकली ती झेंडूमुळे नव्हे. त्या चेहऱ्यात काहीतरी बिघडले होते, आणि ते काय हे कळायला तिला उन्हात बराच वेळ उभे राहावे लागले. नाक दानूचे. कपाळावरचे विभूतीचे पट्टे दानूचे. जरासा पुढे आलेला खालचा ओठही दानूचाच. डोळे मात्र दानूचे नव्हते. दानू अशी कुणाकडे बघत नाही. ती बघते ते कडेने, ओझरते, भांड्यातले पाणी कढत आहे का हे बोट बुडवून चटकन काढून घ्यावे तसे. हे फ्लेक्सवरचे डोळे कुणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून आल्यासारखे समोर बघत होते आणि हलत नव्हते.

घरी तिचा मुलगा सोमशेखर जेवत होता. त्याची दुपारची पाळी असली की तो चिंचोळीच्या एमआयडीसीतल्या चादरीच्या कारखान्यात जायला बाराच्या सुमारास निघायचा. बसम्माने पिशवी ठेवली आणि विचारले. तो घास गिळून म्हणाला, "आगं अव्वा, ते डिझायनरनं केलंय. मूळ फोटोत ती खाली बघायली होती. बरं दिसत नव्हतं. त्यानं कॉम्प्युटरवर बुबुळं सरळ केली. दोन मिनटाचं काम हाय."

"दुसऱ्या कुणाचे बसविले व्हय?"

"तिचेच हायत. नुसते सरकवले."

"लई सोपं निघालं की," बसम्मा म्हणाली. "आपल्याला अठरा वर्षं जमलं न्हाय ते."

सोमशेखर हसला. त्याची बायको शिवलीला तव्यापाशी होती, ती हसली नाही. तिने भाकरी उलटली आणि पाठ न वळवता म्हणाली, "अत्ती, चांगलं काय घडायलंय तर घडू द्या की आता."

बसम्मा मागच्या खोलीच्या उंबऱ्यात जाऊन बसली. इथे बसण्याची तिला सवय होती. दानू फरशीवर पालथी होती, पायाचे अंगठे एकमेकांवर घाशीत, आणि नाकातून तो एकसुरी, मधमाशीसारखा आवाज काढीत, जो ती काम मनासारखे चालले असले की काढते. चादरीची नक्षी आधी अशा कागदावर उतरवावी लागते. चौकट भरली की धागा वर, मोकळी ठेवली की खाली, आणि त्यावरून पुढे मागाला लावायच्या जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडतात. सोमशेखरने ती लहान असताना कारखान्यातून वाया गेलेल्या कागदाची गुंडाळी आणली होती, पोर शांत बसेल म्हणून. पोर शांत बसली ती कायमचीच बसली, असे तो गमतीने म्हणायचा. सोलापूरच्या चादरीवर मोर असतात, वेलबुट्ट्या असतात, देवळाची कमान असते. दानू यातले काही काढत नाही. ती पत्र्यावर दुपारी पडणारे ऊन काढते. पंखा बंद केल्यावर पात्यांची सावली जशी आळसावत थांबते ते काढते. गेल्या वर्षी तिने कबुतरे काढली. कागदावर कबुतर एकही नव्हते, नुसत्या काळ्यापांढऱ्या चौकटींची रांगोळी. कारखान्याच्या मालकाने गंमत म्हणून ती विणून पाहिली, चादर दोन माणसांनी धरून उलगडली, आणि उलगडता उलगडता तिच्यातून काहीतरी फडफडत वर गेले. तिथे उभी असलेली माणसे खरोखरच मान वर करून बघायला लागली होती, असे सोमशेखर सांगत होता. बसम्माने ती चादर पांघरली होती. पांघरल्यावर काही दिसत नाही, पण अंगावरून पंख गेल्यासारखे वाटते. आणि दानू ती पहिल्यांदा पाहिल्यावर चवड्यांवर उभी राहून दोन्ही हात खांद्यापाशी धरून फडफडवत राहिली होती, ओल्या हाताचे पाणी झटकावे तसे, किती तरी वेळ. तो आनंद होता. बसम्माला त्या हातांची भाषा कुणाला शिकवावी लागली नव्हती. ती तिने फार आधी, दुसऱ्या एका घरात, दुसऱ्या दोन हातांवरून शिकली होती.

नागम्माचे हात असेच होते. बसम्माची थोरली बहीण. अक्कलकोटच्या पलीकडे, ओढा ओलांडला की कर्नाटक लागते अशा गावात त्यांचे घर होते. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि नागम्मा दोन्हींत गप्प. ती चवड्यांवर चालायची. कुणी जवळ घेतले की काठीसारखी ताठ व्हायची. आणि कणगीपाशी बसून दाणे मांडायची. शाळू, तूर, हरभरा, करडई. मूठमूठ घेऊन सारवलेल्या जमिनीवर एकेक दाणा बोटाने सरकवत अशा ओळी लावायची की त्यांच्यावरून नजर फिरवली तर जमीन लाटेसारखी हलल्यागत वाटे. कोंबड्या येऊन टिपून जात, ती पुन्हा मांडी. गावात तिच्यासाठी तेव्हा एकच शब्द होता, खुळी. तो काही फार वाईट शब्द नव्हता. खुळ्या माणसाला कुणी त्रास देत नसे. लोक वळून बघत नसत, आणि ते न बघणे, आता बसम्माला वाटते, नागम्माच्या आयुष्यातली सावली होती. मग एका वर्षी तिने चुकून म्हणा, आधी शाळूची ओळ लावली आणि त्या साली शाळू असा आला की कणग्या कमी पडल्या. पुढच्या वर्षी तिने तुरीला हात लावला नाही आणि तूर किडली. वडील निंगप्पा, म्हणजे अप्पा, दर संक्रांतीला सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेला जात. तिथे भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेले वासरू गर्दीच्या मधोमध आणतात, त्याच्यापुढे धान्ये ठेवतात, आणि माणसे श्वास रोखून बघतात. वासरू मुतले तर पाऊस. बुजले तर संकट. ज्याला तोंड लावील ते महागणार. बसम्माने लहानपणी अप्पांच्या खांद्यावर बसून ते पाहिले होते. तिला धान्य आठवत नाही, माणसे आठवत नाहीत. वासराची कातडी आठवते. माशी बसल्यावर थरथरते तशी ती थरथरत होती, आणि माशी एकही नव्हती.

एका वर्षी त्या जत्रेहून येताना अप्पांच्या डोक्यात आले, नागम्माकडूनही भाकणूक करून घ्यावी. कुणी दुष्टपणाने केले नाही. उलट, खुळ्या पोरीला मान मिळाला म्हणून आईने देवापुढे दिवा लावला. शेजारच्या गावांतून माणसे येऊ लागली, अंगणात बसू लागली, नागम्मा कशाला हात लावते ते बघू लागली. तिला आता देवाची म्हणू लागले. आणि वासराला उपाशी ठेवतात म्हणून नागम्मालाही उपाशी ठेवू लागले, कारण भरल्या पोटी केलेली भाकणूक खरी कशी ठरणार? सकाळपासून पाणीसुद्धा नाही. ज्या संक्रांतीची गोष्ट, त्या दिवशी अंगणात उभे राहायला जागा नव्हती. धान्ये मांडली, नागम्माला आणून बसवले. ती नाकातून आवाज काढत नव्हती. हात थरथरत होते. तिने शाळूची मूठ भरली, आणि खाल्ली. दुसरी भरली, तीही खाल्ली. कच्चा दाणा कडाकडा चावून खात राहिली, आणि अंगणात कुणी हलेना. बसम्मा तेव्हा अकरा-बारा वर्षांची. तिला एवढेच कळले की अक्काला भूक लागली आहे, आणि इथे एवढ्या मोठ्या माणसांत हे आणखी कुणालाच कळत नाही. ते बहात्तर साल होते. पाऊस आलाच नाही. विहिरी उघड्या पडल्या, गाव खडी फोडायला गेले, रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी घशाखाली उतरेना तेव्हा कुणीतरी म्हणाले, "निंगप्पाच्या पोरीनं साल खाल्लं." मग ते सगळेच म्हणू लागले. आईने तिचे हात पदराने बांधून ठेवायला सुरुवात केली, कुणाच्या देखत दाण्याला लागू नयेत म्हणून. काही महिन्यांनी बांधायची गरज उरली नाही. हात मांडीवर ठेवले की तिथेच राहायचे. पुढच्या उन्हाळ्यात ती तापाने गेली. त्यांच्यात, लिंगायतांत, माणसाला बसवून पुरतात, हात मांडीवर नीट ठेवावे लागतात. नागम्माचे आधीच तसे होते.

म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी दानू चार वर्षांची असताना तो शब्द सांगितला, ऑटिझम, आणि सोमशेखर-शिवलीला एसटीत शेजारी बसून सोलापूर येईपर्यंत रडले, तेव्हा मागच्या सीटवर बसम्माला हलके वाटत होते. नाव होते तर. पुस्तकात लिहिलेले, सगळ्या जगात सापडणारे, देवाचे नाही की भुताचे नाही. पुढे उपचार केंद्रातल्या बाईंनी दानूला सगळ्यात आधी एक शब्द शिकवला होता, 'बास'. आई, पाणी, भूक यांच्याही आधी. बाई म्हणाल्या होत्या, "तिला नको म्हणता आलं पाहिजे, आजी. बाकी सगळं मागून." बसम्माने त्या बाईंचे हात धरून कपाळाला लावले होते. बाईंना वाटले म्हातारी भोळी आहे.

दोन दिवसांनी युवराज आला. दारात चपला काढून आत येऊन बसम्माच्या पाया पडला. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्या बहिणीचा पोरगाही बोलत नाही. त्या पोराला घेऊन शाळेच्या पायऱ्या चढून उतरूनच त्याने हे काम हाती घेतले होते. पेठेत आता लोक 'वेडं' न म्हणता 'ऑटिझम' म्हणतात ते त्याच्यामुळे. "आजी, हॉल फुल्ल होणाराय," तो म्हणाला. "दानूची चादर स्टेजच्या मागं, पूर्ण भिंतभर. अन् तिनं फक्त दोन मिनटं कागदावर काढून दाखवायचं. लाइव्ह. मागं मोठ्या पडद्यावर हात दिसतील तिचे." मग जरा पुढे सरकून, "जन्मतारीख सांगितली तर वार सांगती का ओ ही? कोल्हापूरची एक हाय, ती सांगती."

"न्हाय सांगत."

"शिकवता येईल का?"

"कॅलेंडर हाय की तुमच्या घरी," बसम्मा म्हणाली. "त्याचा करा सत्कार."

युवराज खळखळून हसला, सोमशेखरही हसला, आणि बसम्माला त्या हसण्यात आपला शब्द बुडून गेल्याचे दिसले. तो गेल्यावर ती शिवलीलाला म्हणाली, "नको न्यायला तिला. चादर न्या. चादर बघू द्या लोकांस्नी. तिला कशापायी?" शिवलीला कणीक मळत होती. तिचे हात थांबले. "अत्ती, अठरा वर्षं," ती म्हणाली, "लग्नात, बाजारात, एसटीत, माझ्या पोरीला बघून लोकांनी तोंड फिरवलंय. माझ्या भावानं घरभरणीला बोलावलं तर 'तिला ठेवून ये' म्हणाला. आता एकदा तिच्याकडं तोंड करून बसू द्या की त्यांना. एकदा बघू द्या." बघणे आणि न बघणे यांच्यामध्ये तिसरे काही असते का, हे बसम्मालाही माहीत नव्हते. नागम्माची गोष्ट तिने सुनेला सांगितली होती, पण सांगताना ती गोष्ट जुनी, खेड्यातली, दुष्काळातली होऊन जाई, भिंतीवरच्या फोटोसारखी. हिंग-मोहरीच्या वासात, मोबाइल चार्जिंगला लावलेल्या या घरात तिचे भय उभे राहत नसे. ते फक्त बसम्माच्या अंगात राहत होते, आणि रोज कोपऱ्यावरून जाताना फ्लेक्सवरचे ते डोळे तिला मंडईपर्यंत सोडायला येत होते.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच उन्हाने पत्रे तडकत होते. दानू गुलाबी ड्रेस घालून ओट्याशी उभी होती आणि कडक भाकरीच्या डब्याकडे कडेने बघत होती. मऊ काही ती खात नाही. कडाडा मोडणारी भाकरी आणि शेंगाची चटणी, एवढेच तिचे अन्न. डबा वरच्या फळीवर सरकवलेला होता. बसम्माने तो काढायला हात उंचावला तेव्हा शिवलीला म्हणाली, "आत्ता नको, अत्ती. मागच्या वेळी लग्नात लाइटमधी उलटी केलती ना तिनं? सकाळपासनं काय दिलं नाही मी. घरी आल्यावर पोटभर खाईल." ती सहज बोलली, आरशात बघून टिकली लावत. बसम्माचा हात फळीवरच राहिला. बाहेर रिक्षा उभी होती, सोमशेखर हाका मारत होता, शेजारची मुले 'दानूदीदी, ऑल द बेस्ट' ओरडत होती. तिने डब्यातून एक भाकरी काढून पदरात गुंडाळली. रिक्षात शिवलीलाच्या नकळत तिने तिचा तुकडा दानूपुढे धरला, पण दानू तुटलेली भाकरी घेत नाही. तिला अख्खी लागते, मोडायची ती तिनेच मोडायची. आणि अख्खी त्या गर्दीत पदरातच मोडली होती.

नाट्यगृहात गार होते आणि अंधार होता आणि सेंटचा वास होता. मागे भिंतभर कबुतरांची चादर, तिच्यावर दिवे. ती सुंदर होती, बसम्माने मनातल्या मनात मान्य केले. इतकी सुंदर की आत येणारी माणसे बोलायची थांबत होती. भाषणे झाली. एका डॉक्टरबाईंनी चांगले सांगितले, की माणसांची डोकी एकाच मागावर विणलेली नसतात, की अशा मुलांना टाळ्यांचा त्रास होतो, म्हणून आज टाळ्या न वाजवता दोन्ही हात वर करून हलवायचे. सगळ्यांनी हसत हात हलवून पाहिले. मग दानूला आणले. हजारभर हात अंधारात हलले, बिनआवाजाचे, आणि बसम्माला वाटले, होईल, कदाचित होईल नीट. दानू टेबलापाशी बसली. पडद्यावर तिचे हात दिसले, प्रचंड, नखातल्या शिसाच्या काळ्या रेघेसकट. पेन्सिल उचलली गेली नाही. युवराज माईकवर म्हणाला, "दानू, काढ बाळा. सगळे बघायलेत." हात हलले नाहीत. मांडीवरही नाही, टेबलावरही नाही, मध्येच कुठेतरी, कातडी थरथरत. माशी एकही नव्हती. बसम्मा उठली. पुढच्या रांगेतल्या कुणाचा तरी धीर सुटला आणि टाळी वाजली, प्रोत्साहनाची, मायेची. मग दुसरी, आणि मग सगळे नाट्यगृह ते ठरलेले विसरून टाळ्या वाजवू लागले. दानूने कानांवर हात दाबले आणि टेबलावरच्या माईकपाशी वाकून, स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "बास."

लोक हसले. लाडाने हसले. टाळ्या आणखी वाढल्या.

"बास," दानू म्हणाली. "बास. बास."

बसम्मा पायऱ्या कशा चढली तिला कळले नाही. ती युवराजला म्हणाली, "ती बास म्हणायली, बाबा." युवराजच्या डोळ्यांत पाणी होते, तो खरोखर भारावला होता. "आणि आपल्यामध्ये आल्यात दानूच्या आजी!" तो म्हणाला आणि माईक तिच्या हातात दिला. माईक गरम होता. समोर अंधार होता आणि अंधाराला श्वास होता. बसम्मा म्हणाली, "ती बास म्हणाली. तिला बास म्हणायला येतं. ऐका की." तिचा आवाज चहूकडून तिच्याच अंगावर आला, आणि त्याच्या मागोमाग, पावसासारख्या, टाळ्या. माणसे उभी राहिली होती. सगळ्यांच्या हातात मोबाइल होते, छोटे निळे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात दानू होती.

ती दानूला हाताला न धरता, नुसती पुढे चालत, मागच्या दाराने बाहेर घेऊन आली. शिवलीला धावत आली. बाहेरच्या उन्हात, जनरेटरच्या धुरात, तिने लेकीचा चेहरा पाहिला आणि मग सासूच्या पदरातून खाली सांडणारा भाकरीचा चुरा पाहिला. रस्त्यापलीकडच्या दुकानात जाऊन कडक भाकरीचे अख्खे पाकीट घेऊन आली आणि पायरीवर बसून, ते न फोडता, दानूच्या शेजारी ठेवले. दानूने ते तिथेच, हुंदक्यांसारखे श्वास घेत, संपवले.

त्या दिवसापासून दानूने पेन्सिल धरली नाही. ती पंख्याखाली पालथी न पडता भिंतीशी टेकून बसू लागली. सोमशेखरने नवीन कागद आणला, तो गुंडाळीतच राहिला. शिवलीलाने पुण्याला फोन केला. डॉक्टर म्हणाले, दमली आहे, वेळ द्या, बोलू नका, कुणी येऊ देऊ नका. शिवलीलाने कामावरून रजा घेतली आणि स्वयंपाकघरात भांडी आवाज न करता घासू लागली. बसम्मा उंबऱ्यात बसून ते हात बघत राहायची. बोट हलले की तिचा जीव वर यायचा. अंगठा आत वळला की तिला वाटायचे, सुरू झाले. संध्याकाळी भिंतीकडे तोंड केले तर एक अर्थ, सकाळी केले तर दुसरा. आणि बाहेर ते 'बास' मोबाइलवरून मोबाइलवर फिरत होते, मंडईत भाजीवाला वजन करता करता म्हणाला, "बास, बास, बास! अव्वा, तुमची नात लई गोड म्हणती की ओ." मग माणसे येऊ लागली. आधी पेढे घेऊन, अभिनंदनाला. मग नुसतीच. एक जण म्हणाला, "तुमच्या पोरीला पाहिलं अन् माझी अडकलेली फाइल निघाली." बसम्मा त्याला पायरीवरूनच परत पाठवून आत आली. फाइल म्हणाला होता तो. पाऊस म्हणाला नव्हता, एवढाच फरक.

रविवारी अंगणात पुन्हा चार-सहा जण होते. शिवलीला त्यांना हात जोडून सांगत होती, ती बरी नाही, नंतर या. सांगताना तिच्या डोळ्यांत वरचेवर पाणी येत होते. एक बाई मात्र जायला तयार नव्हती. कस्तुराबाई म्हणून, सांगोल्याकडची. नवरा इकडे चिंचोळीत कामाला, ही तिकडे गावी. कडेवर तीन-चार वर्षांचा मुलगा होता, आकाशाकडे बघणारा. "लई लांबनं आलेय ओ," ती म्हणत होती. "हे काय बोलत न्हाय. आमच्यात म्हणत्यात बाहेरचं हाय. पर मोबाइलात बघितलं मी, तुमची बी अशीच हुती, अन् बघा आता कशी झाली. तिनं नुसता हात ठिवू द्या ह्याच्या डोस्क्यावर. बोलंल का न्हाय ते कळंल तरी." बसम्मा पायरीवर बसली होती. तिला त्या बाईचा राग येईना. अंगणातल्या कुणाचाच कधी येत नाही, सगळे कळवळूनच आलेले असतात, हेच तर त्यातले भय. तेवढ्यात बोलणे थांबले. दानू दारात येऊन उभी होती.

"आली बघा," कुणीतरी पुटपुटले.

सगळे तिच्याकडे बघत होते. ती चवड्यांवर होती. तिचा उजवा हात चौकटीवर होता, डावा पोटाशी. मूठ वळलेली होती, की अर्धी? नाकातून आवाज होता का? बसम्मा कान देऊन, श्वास रोखून बघत होती, आणि बघता बघता तिला जाणवले की आपला श्वास अंगणातल्या बाकीच्या श्वासांबरोबर एका लयीत अडकला आहे. आपणही पुढे झुकलो आहोत. आपल्यालाही ह्या पोरीच्या हातावरून काहीतरी कळून घ्यायचे आहे, पुढे काय होणार ते. रोज, उंबऱ्यात बसून.

दानूने कुणाकडे पाहिले नाही. तिने दाराची फळी धरली, ओढली आणि लावून घेतली. आतून कडी पडल्याचा आवाज आला. शिवलीला बाहेर, अंगण बाहेर, पायरीवरची बसम्माही बाहेर.

मग कस्तुराबाई हळूच म्हणाली, "याचा काय अर्थ म्हणायचा, अव्वा?"

"दार लावलंय," बसम्मा म्हणाली. "दुसरं काय न्हाय त्यात."

माणसे एकेक करून निघाली. शिवलीला पायरीवर सासूच्या शेजारी बसली आणि तोंड पदरात घेतले. रडत होती की हसत होती कळत नव्हते. तिच्या खांद्याशी खिडकी होती, तिच्यातून थेट मागच्या खोलीपर्यंत दिसे. झडप नीट लागत नव्हती. मान जराशी कलती केली असती तर आतली फरशी दिसली असती, पंखा दिसला असता, कागदाची गुंडाळी उघडली आहे की नाही तेही दिसले असते. बसम्माची मान कलायला लागली. तिने ती धरून ठेवली. दुखेपर्यंत धरून ठेवली. कस्तुराबाई अजून तिथेच होती, पोराला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेत.

"बस की," बसम्मा तिला म्हणाली. "ऊन हाय. ह्याला काय आवडतं?"

"ह्याला?" कस्तुराबाई गोंधळली. हे तिला कुणी विचारले नसावे. "ह्याला व्हय... झाकणं. भांड्याची झाकणं फिरवीत बसतंय दिसभर. मी काढून घेती."

"नको घिऊ काढून," बसम्मा म्हणाली.

मुलगा आईच्या कडेवरून घसरून पायरीवर बसला आणि कुणाकडेही न बघता दगडावर तळवा घासू लागला. आतून काही आवाज येत नव्हता. पेन्सिलीचा आवाज दारातून येत नसतो, असे बसम्माने स्वतःला सांगितले, आणि मान वळवली नाही.